ज्ञानकोशातला ‘भारताची संसद’ हा लेख: नाव, पहिलं वाक्य आणि मराठवाड्याच्या नोंदी

तेरणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

मराठीतल्या मुक्त ज्ञानकोशात आपल्या संसदेवरचा लेख मुळापासून नीट करायचं आम्ही चौघा-पाच जणांनी मनावर घेतलंय. मी लातूर जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. बारावीची मुलं काय किंवा अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसणारी स्पर्धा परीक्षेची पोरं काय, आधी मोबाइल उघडतात, जे पहिलं दिसेल ते वहीत उतरवून घेतात आणि तेच पाठ करतात. खालचे परिच्छेद वाचणारे थोडेच. पहिलं वाक्य मात्र सगळे वाचतात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

जिथे तिथे सापडणारी व्याख्या अशी असते: लोकसभा आणि राज्यसभा या दोन सभागृहांची मिळून संसद होते. ही व्याख्या अपुरी आहे. संविधानाच्या कलम ७९ प्रमाणे संसदेचे घटक तीन: राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा. राष्ट्रपतींना कुठल्याही सभागृहाचं सदस्य राहता येत नाही, कलम ५९ तशी मनाईच करतं. तरीही ते संसदेचा घटक आहेत. अधिवेशन बोलावणं, सत्रसमाप्ती करणं, लोकसभा विसर्जित करणं हे कलम ८५ नुसार त्यांच्या नावाने होतं. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक कलम १११ खाली त्यांच्याकडे जातं आणि संमती मिळेपर्यंत ते विधेयकच राहतं. ज्यांच्या संमतीवाचून कायदा होत नाही, त्यांना कायदेमंडळाच्या व्याख्येतून वगळायचं कसं?

माझा मसुदा असा आहे:

‘भारताची संसद हे भारतीय संघराज्याचे द्विगृही कायदेमंडळ असून ते राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून बनते.’

यावर मोकळेपणी बोला. लेखाचं नाव, स्थापनेचं वर्ष, सदस्यसंख्या, चित्र, मराठवाड्याच्या नोंदी, सगळंच चर्चेला घेऊ.

पूर्णाथडी

सर, कलम ७९ बद्दल वादच नाही. पण ज्ञानकोश सगळ्यांसाठी असतो. परभणीच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला विचारा, संसद म्हटलं की त्याला खासदार आठवतात. राष्ट्रपती चर्चेत भाग घेत नाहीत, मतदान करत नाहीत. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात आणि सार्वत्रिक निवडणुकीनंतर अभिभाषण करतात, तेही मंत्रिमंडळाने तयार केलेलं. मग पहिल्या वाक्यात दोन सभागृहं आणि दुसऱ्या परिच्छेदात राष्ट्रपतींची भूमिका, असं केलं तर काय बिघडेल? पहिलं वाक्य सोपं राहील.

आणखी एक. ‘वरिष्ठ सभागृह’ आणि ‘कनिष्ठ सभागृह’ हे शब्द लेखात नकोत असं मला वाटतं. संविधान लोकसभेला कनिष्ठ म्हणत नाही. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार असतं ते लोकसभेलाच, पैशाच्या विधेयकात अखेरचा शब्दही तिचाच. अशा सभागृहाला कनिष्ठ म्हटलं की पोरांच्या डोक्यात उलटंच चित्र बसतं.

तेरणाकाठ

ताई, वरिष्ठ-कनिष्ठबद्दल पूर्ण सहमत. फार तर एका ओळीत ‘असंही म्हटलं जातं’ एवढं लिहू.

पहिल्या वाक्याबद्दल मात्र मी ठाम आहे आणि त्याचं कारण शेजारच्या देशांत आहे. नेपाळचं २०१५ चं संविधान बघा. तिथली संघीय संसद प्रतिनिधी सभा आणि राष्ट्रीय सभा या दोन सभागृहांची आहे, राष्ट्रपती तिचा घटक नाहीत. भूतानमध्ये राजा, राष्ट्रीय परिषद आणि राष्ट्रीय सभा मिळून संसद होते. पाकिस्तानात राष्ट्रपती आणि दोन सभागृहं. ब्रिटनमध्ये राजा, हाउस ऑफ लॉर्ड्स आणि हाउस ऑफ कॉमन्स. अमेरिकेत मात्र काँग्रेस म्हणजे सेनेट आणि प्रतिनिधिगृह एवढंच. राष्ट्राध्यक्ष विधेयक नाकारू शकतात, पण ते काँग्रेसचा भाग नाहीत.

आपण पहिल्या वाक्यातून राष्ट्रपती काढले तर भारताचा आणि नेपाळचा लेख एकसारखा वाचला जाईल आणि दोन रचनांमधला खरा फरक तिथेच बुजेल. शिवाय आपल्याकडच्या पोरांना हा फरक समजायला घरचंच उदाहरण आहे. कलम १६८ प्रमाणे महाराष्ट्राचं विधिमंडळ म्हणजे राज्यपाल, विधानसभा आणि विधानपरिषद. रचना तीच, पातळी वेगळी. एकदा मुंबईचं कळलं की दिल्लीचं कळतं.

सिल्लोडकर

मी वकिली करतो, म्हणून दुसऱ्या एका शब्दाकडे लक्ष वेधतो. सरांच्या मसुद्यात तो नाही, हे बरं झालं. पण कोणीतरी संपादन करताना तो हमखास घुसवणार. तो शब्द म्हणजे ‘सर्वोच्च’.

‘संसद ही देशातील सर्वोच्च संस्था आहे’ असं वाक्य भाषणात शोभतं, ज्ञानकोशात नाही. ब्रिटनमध्ये संसदेच्या सार्वभौमत्वाची परंपरा आहे. तिथे संसदेने केलेला कायदा न्यायालय रद्दबातल ठरवत नाही. आपल्याकडे कलम १३ आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्या विसंगतीपुरता शून्यवत ठरतो. संविधान दुरुस्तीचा अधिकार कलम ३६८ खाली संसदेकडे आहे, पण केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायाधीशांच्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी सांगितलं की संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. म्हणजे आपल्याकडे संसद संविधानाच्या खाली आहे, वर नाही.

दुसरा मुद्दा राज्यांचा. सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची आहेत. राज्यसूचीतल्या विषयावर विधिमंडळ कायदा करतं तेव्हा ते संसदेचं दुय्यम कार्यालय म्हणून करत नाही, स्वतःच्या अधिकारात करतं. अपवाद आहेत. राज्यसभेने हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव केला तर कलम २४९ खाली राज्यसूचीतल्या विषयावरही संसद कायदा करू शकते. पण अपवाद अपवाद म्हणूनच लिहावा.

म्हणून ‘संघराज्याचे कायदेमंडळ’ हे सरांचे शब्द मला नेमके वाटतात. ते बदलू देऊ नका.

औसेकर

सर, मी ह्यात नवीन आहे, लिहायची सवय नाही. पण मी स्वतः अभ्यासिकेत बसतो म्हणून सांगायलो. आम्ही शोधताना पूर्ण नाव टाइप करत नाही. नुसतं ‘संसद’ टाकतो. तेव्हा जे पान उघडतं ते भारताचंच असावं असं आम्हाला वाटतं. लेखाचं नाव ‘भारताची संसद’ ठेवलं तर ‘संसद’ टाकणाऱ्याला ते सापडल का?

दुसरं, मतदारसंघाबद्दल मला बरंच बोलायचंय. नंतर लिहितो.

गोदाकाठ

औसेकर दादा, चांगला प्रश्न. मी बऱ्याच दिवसांपासून अशा लेखांत संपादन करते, त्यामुळे नावाचा विषय मी घेते.

‘संसद’ या नावाचं पान सर्वसाधारण संकल्पनेचं असावं: संसदीय पद्धत म्हणजे काय, एकगृही-द्विगृही म्हणजे काय. त्या पानाच्या अगदी माथ्यावर एक ओळ, ‘भारताच्या संसदेसाठी हा लेख पाहा’ आणि दुवा. ‘भारतीय संसद’, ‘भारतीय पार्लमेंट’, ‘संसद (भारत)’ ही सगळी नावं पुनर्निर्देशनाने ‘भारताची संसद’ या लेखाकडे वळवायची. वाचणारा कुठल्याही दाराने आला तरी एकाच घरात पोचतो.

माझ्यासमोर खरी अडचण परदेशी संसदांची आहे. इस्रायलची क्नेसेट, नॉर्वेची स्टॉर्टिंग, आइसलंडची अल्थिंग ही नावं तशीच ठेवावीत, आणि पहिल्या वाक्यात लगेच ‘ही इस्रायलची संसद आहे’ असं सांगावं. अल्थिंगची परंपरा इ.स. ९३० पर्यंत मागे जाते. इतक्या जुन्या संस्थेचं नाव पुसून ‘आइसलंडची संसद’ एवढंच मथळ्यात ठेवलं तर लेखाचा जीवच जातो.

अमेरिकेच्या लेखाचं नाव नुसतं ‘काँग्रेस’ ठेवता येत नाही, कारण मराठी वाचकाला त्या नावाचा पक्ष आठवतो. ‘अमेरिकेची काँग्रेस’ हवं. आणि बांगलादेशची ‘जातीय संसद’ हा सगळ्यांत नाजूक मामला. बंगालीत त्याचा अर्थ ‘राष्ट्रीय’, पण आपल्याकडचा वाचक ते नाव वाचून भलताच समज करून घेतो. तिथे मथळा ‘बांगलादेशची संसद’ ठेवून मूळ नाव अर्थासह पहिल्याच वाक्यात द्यावं असं माझं मत आहे. ती संसद एकगृही आहे. ३०० जागा थेट निवडणुकीच्या आणि ५० महिलांसाठी राखीव, अशा ३५० जागा. ही रचना सांगितली की नावाभोवतीचा गैरसमज आपोआप निवळतो.

नियम म्हणून सांगायचं तर, देशाचं नाव मथळ्यात असावं, पण संस्थेचं स्वतःचं नाव मराठीत रुळलेलं असेल आणि गोंधळ होत नसेल तर तेच मथळ्यात घ्यावं.

सिल्लोडकर

गोदाकाठ मॅडम, नियम पटला. पुनर्निर्देशनांत ‘पार्लमेंट’ नक्की ठेवा. आमच्या भागातली जुनी माणसं अजून तोच शब्द बोलतात.

देवगिरी

स्थापनेच्या वर्षावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच मराठवाड्याचा संबंध येतो आणि इथेच लेख घाईघाईत लिहिले जातात.

माहितीचौकटीत ‘स्थापना’ असा एकच रकाना असतो. कोणी त्यात १९१९ टाकतं, कोणी १९२७, कोणी १९५०, कोणी १९५२. १९१९ च्या कायद्याने केंद्रीय कायदेमंडळ दोन सभागृहांचं झालं, हे खरं. १८ जानेवारी १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते दिल्लीतल्या गोल इमारतीचं उद्घाटन झालं, हेही खरं. पण त्या कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचे प्रतिनिधी बसत. संस्थानांतून तिथे कोणी निवडून जात नव्हतं. आपला सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, इथल्या एकाही माणसाला त्या सभागृहासाठी मत देता आलेलं नाही. १९२७ हे साल आपण संसदेचं स्थापना वर्ष म्हणून छापलं तर आपल्या आजोबांना ज्या सभागृहाचं दार बंद होतं, तीच भारताची संसद होती असं आपण म्हणतो. मला ते मान्य नाही. ती पूर्वपीठिका आहे, तिला ‘पूर्वपीठिका’ अशाच मथळ्याखाली जागा द्यावी.

हैदराबाद संस्थान भारतात आलं १७ सप्टेंबर १९४८ ला. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झालं तेव्हा हैदराबाद हे भाग ‘ब’ मधलं, म्हणजे पूर्वीच्या संस्थानांच्या गटातलं, एक राज्य होतं. त्या दिवसापासून १९५२ पर्यंत संविधान सभेनेच हंगामी संसद म्हणून काम केलं. ही हंगामी संसद एकगृही होती, हे बहुतेक लेखांत लिहिलेलंच नसतं. म्हणजे ‘भारताची संसद पहिल्यापासून द्विगृही आहे’ असं वाक्य कोणी टाकलं तर ते काढावं लागेल.

मग ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ३ एप्रिल १९५२ ला राज्यसभा आणि १७ एप्रिल १९५२ ला लोकसभा गठित झाली, आणि १३ मे १९५२ रोजी दोन्ही सभागृहांची पहिली बैठक भरली. ‘लोकसभा’ आणि ‘राज्यसभा’ ही नावं सभागृहांनी स्वीकारली ती त्याही पुढे, १९५४ मध्ये.

माझी सूचना: रकान्यात ‘२६ जानेवारी १९५० (हंगामी संसद)’ आणि त्याखाली ‘१३ मे १९५२ (निवडून आलेल्या द्विगृही संसदेची पहिली बैठक)’ अशा दोन ओळी द्याव्यात. एका सालात हे बसत नाही.

आता खासदारांच्या याद्यांबद्दल. १९५२ च्या लोकसभेत हैदराबाद राज्याला २५ जागा होत्या. मराठवाड्यातले तेव्हाचे खासदार त्या २५ मधले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्यामुळे १९५७ चे आपले खासदार मुंबई राज्याचे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि महाराष्ट्राच्या नावाखाली आपण पहिल्यांदा मतदान केलं ते १९६२ मध्ये. लागोपाठच्या तीन निवडणुका, तीन वेगळी राज्यं! असं ज्या भागाच्या वाट्याला आलं असे देशात मोजकेच. म्हणून १९५२ च्या बीडच्या खासदाराला ‘महाराष्ट्राचे खासदार’ या वर्गात टाकणं ही ढोबळ चूक आहे. वर्ग ‘हैदराबाद राज्याचे खासदार’ असाच हवा.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण स्वामी रामानंद तीर्थ. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून निवडून गेले, हैदराबाद राज्यातून. १९५७ मध्ये औरंगाबादहून, मुंबई राज्यातून. आज गुलबर्गा कर्नाटकात आहे. त्यांच्या लेखात ‘कर्नाटकचे खासदार’ आणि ‘महाराष्ट्राचे खासदार’ असे वर्ग लागले तर दोन्ही चुकीचे ठरतील, कारण ज्या वर्षी ते निवडून आले त्या वर्षी यातलं एकही राज्य त्या नावाने अस्तित्वात नव्हतं. ज्यांनी हैदराबादचा मुक्तिसंग्राम उभा केला त्यांच्या पानावर तरी एवढी काळजी घेतली पाहिजे.

तेरणाकाठ

देवगिरी सर, हा मजकूर जवळपास जसाच्या तसा ‘इतिहास’ विभागात जायला हवा. हंगामी संसद एकगृही होती हा मुद्दा मी वर्गातही सांगणार आहे.

औसेकर

आता माझं. माझं गाव लातूर जिल्ह्यात, तालुका औसा. पण लोकसभेला मी मत देतो उस्मानाबाद मतदारसंघात. लातूर मतदारसंघात नाही. हे कुठल्याच मराठी पानावर मला सरळ सापडलं नाही. मराठवाड्यात जिल्हे आठ आणि लोकसभा मतदारसंघही आठ, म्हणून सगळे म्हणायलेत की एक जिल्हा म्हणजे एक मतदारसंघ. तसं नाहीच.

मी वहीत असं लिहून काढलंय. लातूर मतदारसंघात लातूर शहर, लातूर ग्रामीण, अहमदपूर, उदगीर, निलंगा आणि नांदेड जिल्ह्यातलं लोहा. उस्मानाबादमध्ये उस्मानाबाद, तुळजापूर, उमरगा, परंडा, त्यात लातूर जिल्ह्यातला औसा आणि सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. परभणी मतदारसंघात जालना जिल्ह्यातलं परतूर आणि घनसावंगी येतं. जालना मतदारसंघात औरंगाबाद जिल्ह्यातलं सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण. हिंगोलीत नांदेड जिल्ह्यातलं किनवट आणि हदगाव, आणि विदर्भातलं उमरखेड. म्हणजे पैठणच्या माणसाचा खासदार जालन्याचा असतो. बीड तेवढा पुरा बीड जिल्ह्याचा आहे.

हे तक्त्यात टाकलं तर आमच्यासारख्याला फार उपयोग होईल. परीक्षेत विचारतात म्हणून नाही फक्त. आपला खासदार कोण हे माणसाला ठाऊक पाहिजे की नाही?

गोदाकाठ

वा, दादा! हा तक्ता तुम्हीच करा. ‘महाराष्ट्रातील लोकसभा मतदारसंघ’ या उपलेखात तो जाईल आणि संसदेच्या लेखातून त्याला दुवा देऊ.

फक्त नावांचं एक बघा. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या शहरांची नावं आता छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव आहेत, पण लोकसभा मतदारसंघांची नावं २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेच्या आदेशातली आहेत. २०२४ ची निवडणूकही ‘औरंगाबाद’ आणि ‘उस्मानाबाद’ याच नावांनी झाली. मतदारसंघाच्या लेखात मतदारसंघाचं नाव, जिल्ह्याच्या लेखात जिल्ह्याचं नाव, असं काटेकोर ठेवावं. नाहीतर रोज कोणी ना कोणी येऊन बदलत बसेल आणि दुसरा येऊन उलटवेल. चर्चापानावर आदेशाचा दाखला देऊन ठेवू, म्हणजे वादाला जागा उरणार नाही.

पूर्णाथडी

सदस्यसंख्येवर मी काम केलंय, ते इथे ठेवते. दोन आकडे नेहमी एकमेकांत मिसळतात: संविधानाने घातलेली कमाल मर्यादा आणि प्रत्यक्षातल्या जागा.

लोकसभेची कमाल मर्यादा ५५०: राज्यांतून ५३०, केंद्रशासित प्रदेशांतून २०. जुन्या पुस्तकांत ५५२ दिसतो, कारण त्यात दोन अँग्लो-इंडियन नामनिर्देशित सदस्य धरलेले असत. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती तरतूद जानेवारी २०२० पासून संपली. प्रत्यक्षातल्या जागा ५४३, त्यात महाराष्ट्राच्या ४८. राज्यसभेची मर्यादा २५०, त्यात राष्ट्रपतींनी नामनिर्देशित करायचे १२. प्रत्यक्षात २४५, म्हणजे २३३ निवडून आलेले आणि १२ नामनिर्देशित. महाराष्ट्राचे १९, आणि ते आपण थेट निवडत नाही, विधानसभेचे आमदार निवडतात. राज्यसभा विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

आणखी एक आकडा हल्ली फार फिरतोय: ८८८. नव्या इमारतीत लोकसभेच्या दालनात ८८८ आणि राज्यसभेच्या दालनात ३८४ जणांची बसायची सोय आहे. ही आसनं आहेत, सदस्यसंख्या नव्हे. बरेच जण ती सदस्यसंख्या म्हणून लिहितात. राज्यनिहाय जागांचं वाटप १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने गोठवलं गेलं आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. आसनं जास्त का केली ते या संदर्भात सांगता येईल, पण आकडा सदस्यसंख्येच्या रकान्यात जाता कामा नये.

आणि सर, पहिल्या वाक्याबद्दल: नेपाळचं उदाहरण पटलं. राष्ट्रपती पहिल्या वाक्यातच राहू द्या. फक्त लगेच पुढे ‘राष्ट्रपती कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसतात’ हे वाक्य जोडा, म्हणजे वाचणारा अडखळणार नाही.

तेरणाकाठ

जोडतो. त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

आता चित्राचा मुद्दा. गावात आपण ‘ग्रामपंचायतीत जाऊन आलो’ म्हणतो तेव्हा ऑफिसात जाऊन आलेलो असतो, पण ग्रामपंचायत म्हणजे ते ऑफिस नव्हे. संसदेच्या लेखात हीच गल्लत दिसते. हर्बर्ट बेकर, एडविन लुट्येन्स, १४४ खांब, त्रिकोणी नवी इमारत, २८ मे २०२३ चं उद्घाटन, हे सगळं लेखाच्या सुरुवातीलाच येतं आणि कायदा कसा होतो ते खाली कुठेतरी दोन ओळींत उरकलेलं असतं. इमारतीचे दोन स्वतंत्र लेख असावेत: एक आताच्या संसद भवनाचा, एक जुन्या इमारतीचा, जिला आता ‘संविधान सदन’ म्हणतात. मुख्य लेखात एक चित्र, खाली एक ओळ, बस.

सिल्लोडकर

मग मोकळी झालेली जागा कामकाजाला द्या. सामान्य विधेयक कुठल्याही सभागृहात मांडता येतं. धन विधेयक फक्त लोकसभेत, आणि राज्यसभेने ते १४ दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींशिवाय परत करायचं असतं. ते अडवून धरता येत नाही. सामान्य विधेयकावर दोन सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक. ती आजवर तीनदाच झाली: १९६१ मध्ये हुंडाबंदी विधेयकासाठी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याच्या विधेयकासाठी आणि २००२ मध्ये दहशतवाद प्रतिबंधक विधेयकासाठी. घटनादुरुस्तीच्या विधेयकासाठी संयुक्त बैठकीची सोय नाही. तिथे दोन्ही सभागृहांची स्वतंत्र मंजुरी लागतेच. हे वाक्य ठळक लिहा. माझ्याकडे येणारे कायद्याचे विद्यार्थीसुद्धा इथे चुकतात.

देवगिरी

समित्यांवरही एक विभाग हवाच. टीव्हीवर दिसतो तो गोंधळ, आणि लोकांना वाटतं संसदेचं काम तेवढंच. विभागनिहाय स्थायी समित्यांत खासदार कागद समोर घेऊन बसतात, सचिवांना प्रश्न विचारतात, विधेयकातलं एकेक कलम तपासतात. ही पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली, तेव्हा समित्या १७ होत्या. २००४ मध्ये त्या २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. १९९३ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष होते शिवराज पाटील चाकूरकर, लातूरचे खासदार. १९९१ ते १९९६ ते अध्यक्षपदी होते. मराठवाड्यातून लोकसभेवर गेलेल्या माणसाच्या कारकिर्दीत संसदेच्या कामाची ही घडी बसली, ही माहिती लेखात रास्त जागी यावी. प्रादेशिक अभिमान म्हणून वेगळा परिच्छेद नको. समित्यांच्या इतिहासात ती आपसूक येते.

गोदाकाठ

हे फार योग्य. गौरवाची विशेषणं टाळून फक्त घडलेलं लिहिलं की ते टिकतं. ‘थोर’, ‘महान’, ‘लोकशाहीचं मंदिर’ असे शब्द दिसले की दुसरा संपादक ते खोडणारच, आणि त्यांच्याबरोबर चांगली माहितीही कधी कधी जाते.

कामाची वाटणी अशी करूया का? नाव, पुनर्निर्देशनं आणि परदेशी संसदांची पानं माझ्याकडे. सदस्यसंख्या पूर्णाथडी ताईंकडे. अधिकार आणि विधेयकांची प्रक्रिया वकील साहेबांकडे. इतिहास देवगिरी सरांकडे. प्रस्तावना तेरणाकाठ सरांकडे, आणि मतदारसंघांचा तक्ता औसेकर दादांकडे.

तेरणाकाठ

चालेल. प्रस्तावनेचा सुधारलेला मसुदा देतो, हरकत असेल तर आजच सांगा:

‘भारताची संसद हे भारतीय संघराज्याचे द्विगृही कायदेमंडळ असून ते राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून बनते. राष्ट्रपती कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसतात. परंतु दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या विधेयकाचे कायद्यात रूपांतर होण्यासाठी त्यांची संमती आवश्यक असते. लोकसभेचे सदस्य मतदारांकडून प्रत्यक्ष निवडले जातात. राज्यसभेचे बहुतांश सदस्य राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य निवडतात, तर १२ सदस्य राष्ट्रपती नामनिर्देशित करतात. संसदेचे अधिकार संविधानाच्या मर्यादेत असतात.’

सिल्लोडकर

शेवटचं वाक्य आहे तसंच राहू द्या. राज्यसभेच्या वाक्यात केंद्रशासित प्रदेशांचा उल्लेख राहिलाय. दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीरलाही राज्यसभेच्या जागा आहेत. ‘राज्यांच्या आणि विधानसभा असलेल्या केंद्रशासित प्रदेशांच्या’ असं करा.

तेरणाकाठ

केलं.

औसेकर

सर, तक्ता करायला घेतलाय. प्रत्येक विधानसभा मतदारसंघासमोर जिल्ह्याचा वेगळा रकाना ठेवलाय. बार्शीसमोर सोलापूर आणि उमरखेडसमोर यवतमाळ लिहिलं. हे दोन्ही जिल्हे मराठवाड्याबाहेरचे, तर त्यांना तळटीप द्यावी का?

गोदाकाठ

द्या. आणि त्याच तळटिपेत हेही सांगा की लोकसभा मतदारसंघाची हद्द जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. तक्ता चढवला की इथे कळवा, मी मुख्य लेखातून दुवा देते.